डोळ्यात डोकावणारा मास्तरांचा मुलगा : हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ

संस्थेच्या स्मरणिकेसाठी या वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्या, असे आमच्या चिटणीस साहेबांनी सांगितले. अशा स्मरणिकांतून बहुधा इब्न सिना, सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद यांच्यावर लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. तरीही मी या वेळी एका जर्मन माणसाची निवड केली आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हेल्महोल्ट्झ हे नाव ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाबरोबर भेटते. मला ते भेटले माझ्या अब्बांच्या डोळ्यांमुळे, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

अब्बा रोज फजरच्या नमाजनंतर कुरआन शरीफची तिलावत करतात. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार सुरू केली की ओळी मध्येच वाकलेल्या दिसतात, खिडकीचे गज सरळ वाटत नाहीत, आणि ज्या शब्दाकडे पाहावे नेमका तोच पुसल्यासारखा होतो. वय झाले, मोतीबिंदू असणार, असे आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकले. मोतीबिंदू पिकला की ऑपरेशन करू, असे म्हणत वर्ष काढले. मधल्या काळात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला. घरात एक पदवीधर शिक्षक असूनही ही स्थिती, हे कबूल करायला मला लाज वाटते.

शेवटी मोहन्याहून कल्याणला एका नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी केली, दिव्याच्या एका लहानशा उपकरणातून आत पाहिले आणि मग अब्बांना एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवले. सुई नाही, चिरफाड नाही, डोळ्याला स्पर्शसुद्धा नाही. पाचएक मिनिटांत समोरच्या पडद्यावर डोळ्याच्या आतल्या भागाचा छेद उमटला. डोंगरातला रस्ता खोदताना मातीचे थर दिसावेत तसे एकावर एक थर. दुखणे मोतीबिंदूचे नव्हतेच. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात त्याच्या खाली, पाणी झिरपून सूज आली होती. उजव्या डोळ्यात तर वण पडून गेला होता. वर्षभर आधी आणले असते तर, एवढेच डॉक्टर बोलले आणि थांबले.

परतताना रिक्षात माझ्या मनात एकच विचार होता. जिवंत माणसाच्या डोळ्यात आत पाहता येते, हे पहिल्यांदा कोणाला सुचले असेल?

यातला अर्धा भाग आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. डोळ्यातून किरण बाहेर पडतात व ते वस्तूला जाऊन भिडतात म्हणून आपल्याला दिसते, असे अनेक ग्रीक पंडित मानत. इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ही कल्पना खोडून काढली. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले, १५७२ मध्ये ते युरोपात छापले गेले, आणि तिथल्या प्रकाशशास्त्राचा पाया त्यावर उभा राहिला. प्रकाश डोळ्यात जातो हे असे नक्की झाले. पण गेलेला प्रकाश थोडासा परतही येत असला पाहिजे. मग समोरच्या माणसाची बाहुली काळीकुट्ट का दिसते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी आठशे वर्षे लागली.

हर्मान हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम या गावी झाला. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय, पगार बेताचा आणि पदरात मुले. हर्मान लहानपणी वारंवार आजारी पडे. अंथरुणावर पडल्या पडल्या तो लाकडी ठोकळ्यांशी खेळे, आणि त्या खेळातूनच भूमितीतल्या कितीतरी गोष्टी त्याला शाळेत जाण्यापूर्वीच समजल्या होत्या. पाठांतरात मात्र तो कच्चा होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी, व्याकरणातले अपवाद, परक्या भाषेतले शब्द त्याच्या ध्यानात राहत नसत. वर्गात लॅटिन काव्याचे वाचन चाललेले असताना हा मुलगा बाकाखाली वही धरून दुर्बिणीतून किरण कसे जातात याच्या आकृत्या काढत बसे. चष्म्याची जुनी भिंगे आणि वडिलांचे एक छोटे भिंग एवढ्या सामग्रीवर त्याने प्रकाशाची उपकरणे बनवण्याचा नाद लावून घेतला होता. माझ्या वर्गात असा मुलगा सापडला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते, हेही सांगून टाकतो.

हर्मानला पदार्थविज्ञान शिकायचे होते. वडिलांपाशी तेवढा पैसा नव्हता आणि त्या काळी पदार्थविज्ञानावर कोणाचे पोट भरत नसे. वैद्यकाचे शिक्षण मात्र सरकारी खर्चाने मिळण्याची सोय होती. बर्लिनच्या फ्रीडरिश विल्हेल्म संस्थेत विद्यार्थ्यांना फुकट शिकवत, आणि त्या बदल्यात आठ वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. आजच्या भाषेत सांगायचे तर बॉन्ड. १८३८ मध्ये सतरा वर्षांचा हर्मान तिथे दाखल झाला. मुलाचा कल एकीकडे आणि बापाची ऐपत दुसरीकडे, हे दृश्य आपल्या संस्थेच्या कार्यालयात दर जून महिन्यात दिसते. इथे मी वडिलांना दोष देणार नाही. तो वैद्यक शिकला नसता तर डोळ्याचा प्रश्न बहुधा त्याच्यापुढे आलाच नसता.

शिकत असताना त्याने पदार्थविज्ञान सोडले नाही. संस्थेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करताना जुन्या गणितज्ञांचे ग्रंथ वाचून काढले. १८४१ मध्ये त्याला टायफस ताप आला. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट झाले, आणि तेवढ्या दिवसांची जी शिल्लक पडली तिच्यातून त्याने एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्या सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर मज्जातंतूंवर प्रबंध लिहून १८४२ मध्ये तो डॉक्टर झाला. यापुढे त्यांना आदराने अहो-जाहो करणे भाग आहे.

पुढच्या वर्षी पॉट्सडॅमच्या लष्करी पलटणीत त्यांची नेमणूक झाली. तिथल्या बराकीतच त्यांनी लहानशी प्रयोगशाळा थाटली. १८४७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते, या विषयावरचा निबंध बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळापुढे वाचला. त्या वेळच्या प्रमुख नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा तो पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध करावा लागला. आज तो नियम शालेय पुस्तकात आहे. थोर विद्वान आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी रदबदली केल्यामुळे १८४८ मध्ये, बॉन्ड पुरा होण्याआधीच, लष्कराने त्यांना मोकळे केले. १८४९ मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठात ते शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राद. तिथे त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. त्या मोजमापाच्या नोंदी ठेवायला पत्नी ओल्गा त्यांना मदत करीत असे.

आता मुख्य गोष्ट. १८५० साली वर्गात शिकवण्यासाठी ते तयारी करीत होते. विषय होता डोळ्याच्या चकाकीचा. अंधारात मांजराचे डोळे चमकतात हे सर्वांना माहीत आहे. योग्य प्रकारे दिवा धरला तर माणसाच्या बाहुलीतही लालसर चमक दिसते, हे ब्र्यूके नावाच्या त्यांच्या मित्राने दाखवले होते. हे विद्यार्थ्यांना समजावून कसे सांगावे याचा विचार करताना हेल्महोल्ट्झ यांनी स्वतःलाच विचारले की, डोळ्यातून परत येणारे हे किरण शेवटी जातात कुठे?

उत्तर असे निघाले. डोळ्यातले भिंग दिव्याचा प्रकाश आतल्या पडद्यावर एकवटते. तिथून परतणारा प्रकाश त्याच भिंगातून, त्याच वाटेने, पुन्हा दिव्याकडेच जातो. म्हणजे तो पकडायचा तर आपला डोळा नेमका दिव्याच्या जागी हवा. तिथे डोके नेले की आपलेच डोके प्रकाश अडवते, आणि डोके बाजूला घेतले की परतणारा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. बाहुली काळी दिसते ती यामुळे.

तोडगा त्यांनी साध्या काचेने काढला. पावसाळ्यात रात्रीच्या लोकलने कल्याणहून आंबिवलीला येताना खिडकीची काच खाली ओढलेली असते. त्या काचेत डब्यातल्या माणसांचे प्रतिबिंब दिसते आणि त्याच वेळी काचेपलीकडचे दिवेही दिसतात. म्हणजे काच काही प्रकाश परतवते व काही आरपार सोडते. हेल्महोल्ट्झ यांनी दिवा रोग्याच्या बाजूला ठेवला आणि दोघांच्या मध्ये काच तिरकी धरली. दिव्याचा प्रकाश काचेवरून परतून रोग्याच्या डोळ्यात गेला, आणि आतून परत आलेला प्रकाश त्याच काचेतून आरपार होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात आला. चित्र स्पष्ट व्हावे म्हणून मध्ये एक अंतर्वक्र भिंग बसवले. पहिले उपकरण त्यांनी पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा यांतून जोडले होते. आठवडाभर ते पुन्हा पुन्हा फसत होते. मग एका क्षणी, चिरफाड न करता, जिवंत माणसाच्या डोळ्यातला पडदा आणि त्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या त्यांना लख्ख दिसल्या.

६ डिसेंबर १८५० रोजी हा शोध बर्लिनच्या मंडळाला कळवण्यात आला. त्याच महिन्यात वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की, या शोधाला शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडे काहीच ज्ञान लागत नाही, आणि इतकी उघड गोष्ट आपल्याला व इतरांना आजवर कशी सुचली नाही याचे हसू येते. ते वाचून त्या शाळामास्तर बापाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. १८५१ मध्ये उपकरणाचे वर्णन पुस्तिकेच्या रूपाने छापून आले.

खरे तर असे उपकरण १८४७ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज यांनीही बनवले होते. गणकयंत्राचे जनक म्हणून ओळखले जातात तेच हे बॅबेज. त्यांनी ते एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवले, पण वैद्यांना त्यातून काही दिसले नाही आणि गोष्ट तिथेच राहिली. हेल्महोल्ट्झ यांच्यावरही टीका झाली. एका वैद्याचे म्हणणे पडले की आजारी डोळ्यात उघडा प्रकाश सोडणे धोक्याचे आहे. दुसऱ्याला वाटले की ज्या डॉक्टरांची स्वतःची नजर अधू आहे त्यांनाच हे उपयोगी पडेल. पण बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी हे उपकरण उत्साहाने हाती घेतले. त्यापूर्वी बाहेरून डोळा निरोगी आणि माणूस मात्र आंधळा, अशा रोग्याबाबत वैद्यांचा गमतीचा बोल होता की, यात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही. ग्रेफे आणि त्यांच्या सोबत्यांनी दहा-पंधरा वर्षांत काचबिंदू, रक्तवाहिनी बंद पडणे, मेंदूवरच्या दाबाने मज्जातंतूला येणारी सूज अशा कितीतरी गोष्टी डोळ्यात पाहून ओळखल्या. क्योनिग्सबर्गचे कारागीर रेकोस यांनी उपकरणाला भिंगांच्या फिरत्या तबकड्या बसवल्या. नेत्रवैद्याच्या हातातल्या उपकरणात आजही तशी तबकडी फिरते.

अब्बांचा आजार ज्या पीतबिंदूचा, तो दृष्टिपटलाच्या मध्यावरचा अवघा पाचएक मिलिमीटरचा भाग. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे त्याची. तो बिघडला तर माणूस चालतो-फिरतो, भिंतीला धडकत नाही, पण नातवाचा चेहरा ओळखत नाही. म्हणून घरच्यांना वाटते, याला तर सगळे दिसते! म्हातारपणी हा भाग झिजतो, हे १८७४ मध्ये लंडनच्या हचिन्सन आणि टे या डॉक्टरांनी नोंदवले, तेही हेल्महोल्ट्झ यांनी शोधलेल्या मार्गाने डोळ्यात पाहूनच. पुढे १८८६ मध्ये जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. १९६० नंतर दंडातून रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन रक्तवाहिन्यांचे फोटो घेण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात सुई आली. अब्बांना ज्या यंत्रापुढे बसवले त्यात तीही लागत नाही. डॉक्टर त्या तपासणीला ओ.सी.टी. म्हणतात.

त्या यंत्राचा धागाही हेल्महोल्ट्झ यांच्यापाशीच जातो, हे मला वाचताना कळले आणि आश्चर्य वाटले. १८७१ पासून ते बर्लिनमध्ये पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ज्या विषयासाठी लहानपणी पैसा नव्हता, तोच विषय त्यांना पन्नाशीत मिळाला. जगभरातून विद्यार्थी येत. १८८० मध्ये अमेरिकन नौदलातला आल्बर्ट मायकेल्सन नावाचा तरुण त्यांच्या प्रयोगशाळेत आला. प्रकाशाचा एक झोत दोन भागांत फोडून, वेगवेगळ्या वाटेने पाठवून पुन्हा एकत्र आणायचा व त्यावरून अतिसूक्ष्म अंतर ताडायचे, असे उपकरण त्याने तिथे तयार केले. बर्लिनच्या रहदारीच्या हादऱ्यांनी ते हलू लागले, तेव्हा १८८१ मध्ये ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेत न्यावे लागले. हेल्महोल्ट्झ यांचे जन्मगाव ते हेच. मायकेल्सन यांना १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ११० वर्षांनी, १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या एम.आय.टी. येथील फुजिमोटो, हुआंग आणि सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वावर दृष्टिपटलाचा छेद काढून दाखवला. अवरक्त प्रकाशाच्या झोताचा एक भाग आरशाकडे व एक डोळ्यात जातो. दोन्ही परत आले की कोणत्या थरातून किती प्रकाश परतला हे कळते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी सूजही पकडता येते.

पीतबिंदूच्या या आजाराचे सुका आणि ओला असे दोन प्रकार. ओल्या प्रकारात २००५-०६ पासून डोळ्यात औषधाचे इंजेक्शन देऊन गळती थांबवता येते, मात्र वण पडण्याआधी. मोतीबिंदूसाठी थांबता येते, याच्यासाठी नाही. मधुमेहानेही पीतबिंदूला सूज येते आणि आपल्या वस्तीत साखरेचे रुग्ण घरोघर आहेत. त्यांनी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यावा असे डॉक्टर सांगतात. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा सोबत कोणीतरी न्यावे व परतताना स्वतः मोटारसायकल चालवू नये.

हेल्महोल्ट्झ यांचे बाकीचे आयुष्य इथे सगळे सांगता येणार नाही. बॉन, हायडेलबर्ग, बर्लिन असा त्यांचा प्रवास झाला. डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात भागाभागाने निघाला. १८५९ हे वर्ष वाईट गेले. त्या वर्षी वडील वारले आणि डिसेंबरात ओल्गाही गेल्या. मागे दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये त्यांनी पुन्हा विवाह केला. पुढे ध्वनी आणि संगीत यांवर ग्रंथ लिहिला. बिनतारी लहरी शोधणारे हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचे लाडके शिष्य. ते १८९४ च्या जानेवारीत अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेले, आणि त्यांच्या अखेरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याची वेळ वृद्ध गुरूवर आली. त्याआधी १८९३ मध्ये अमेरिकेहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजाच्या जिन्यावरून पडले होते. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. जुलै १८९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बर्लिन विद्यापीठाच्या दारात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.

अब्बांच्या डाव्या डोळ्यात आतापर्यंत पाच इंजेक्शने झाली. सूज उतरली आहे. उजवा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. रोज सकाळी ते एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने त्याच्या मधल्या ठिपक्याकडे पाहतात आणि रेषा सरळ आहेत की वाकल्या ते मला सांगतात. मग मोठ्या अक्षरांची प्रत उघडून तिलावतीला बसतात. पुढची तपासणी रमजान ईदनंतर आहे.